मत दिलं म्हणून : जॉर्जियातल्या जुन्या खुनांचा माग काढणारा पॉडकास्ट

रातराणी

सकाळी २८५ नंबरच्या हायवेवर गाडी अडकते तेव्हा मी काहीतरी ऐकत असते. बहुतेक गाणी, कधी बातम्या. गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीनं 'बरीड ट्रूथ्स' ऐक म्हणून सांगितलं. इथल्या, म्हणजे अटलांटाच्या, डब्ल्यूएबीई या सार्वजनिक रेडिओचा हा पॉडकास्ट, २०१८ मध्ये सुरू झालेला. सादर करणारे हँक क्लिबानॉफ मूळचे पत्रकार. एमरी विद्यापीठात ते विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन नागरी हक्कांच्या काळातल्या, जॉर्जियात घडलेल्या आणि कुणालाच शिक्षा न झालेल्या खुनांचा अभ्यास करतात. त्या वर्गातून हा पॉडकास्ट निघाला. पहिला सीझन आयझाया निक्सनचा. तो संपला त्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

आयझाया निक्सन २८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण होता. दक्षिण जॉर्जियातल्या माँटगोमेरी काउंटीत, ऑल्स्टन गावाजवळ राहायचा. घरी म्हातारी आई, बायको, सहा लेकरं. शेती आणि जोडीला टर्पेंटाइनचं काम. पाइनच्या खोडाला खाचा पाडायच्या, खाली डबा अडकवायचा आणि ठिबकणारा चीक गोळा करायचा. उन्हातान्हात, चिकट हातांनी करायचं काम.

८ सप्टेंबर १९४८ ला डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक होती. इथे थोडं थांबून सांगायला हवं. त्या काळी जॉर्जियात दुसऱ्या पक्षाला कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे प्राथमिक फेरी जिंकली की गव्हर्नरपद खिशात. आणि ही फेरी फक्त गोऱ्यांसाठी राखीव. पक्ष ही खासगी संस्था आहे, कुणाला मत द्यायला बोलवायचं ते आम्ही ठरवू, असा युक्तिवाद. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टेक्सासच्या खटल्यात तो मोडीत काढला. जॉर्जियात कोलंबस शहरातले प्रायमस किंग नावाचे एक न्हावी, जे धर्मोपदेशकही होते, कोर्टात गेले आणि १९४६ पर्यंत इथलीही ती भिंत पडली. म्हणजे निक्सननं जे मत दिलं ते त्याच्या हक्काचं होतं, अगदी कोर्टाच्या शिक्क्यासकट.

मतदान केंद्रावर त्यानं आधी विचारलं, मला मत देता येईल ना? तिथल्या लोकांनी सांगितलं, हक्क आहे तुला, पण देऊ नकोस हेच बरं. त्यानं दिलं.

संध्याकाळी दोन गोरे भाऊ त्याच्या दारात आले. आडनाव जॉन्सन, त्याच भागातले, ओळखीचे. त्याला बाहेर बोलावलं, आमच्याबरोबर चल म्हणाले. तो नाही म्हणाला. मग गोळ्या झाडल्या. बायको ओरडत होती, 'पड, आयझाया, पड!' खाली पडला तर पुढची गोळी चुकेल एवढीच तिची आशा. सहा वर्षांची मुलगी हे सगळं बघत होती. दोन दिवसांनी दवाखान्यात तो वारला.

त्याच दिवशी, मतदारांना गाडीतून केंद्रावर पोचवतो म्हणून डोव्हर कार्टर यांना बेदम मारहाण झाली. ते एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या तिथल्या शाखेचे अध्यक्ष होते. त्यांना गाव सोडून उत्तरेला जावं लागलं.

खटला उभा राहिला, हेच त्या काळात विशेष. पण ज्यूरीतले सगळे गोरे. गोळी झाडणाऱ्यानं स्वसंरक्षणाचं कारण सांगितलं आणि तो निर्दोष सुटला. दुसऱ्या भावावरचे आरोप मागे घेतले गेले. निक्सनच्या घरच्यांनी फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला बस्तान हलवलं.

आता मला जे म्हणायचंय ते. 'न सुटलेला खून' म्हटलं की आपल्या डोक्यात येतं की खुनी सापडला नाही. इथे खुनी कोण हे त्याच संध्याकाळी गावातल्या पोराटोराला माहीत होतं. शोधायचं काहीच नव्हतं. म्हणून हा पॉडकास्ट 'कुणी' या प्रश्नात अडकत नाही, 'हे जमलं कसं' हे विचारतो. शेरीफनं काय लिहिलं, वकिलानं काय विचारलं नाही, वर्तमानपत्रानं दुसऱ्या दिवशी कोणते शब्द वापरले, एकेक कागद उलगडत जातो. त्यात एक भाग आहे १९४६ च्या गव्हर्नर निवडणुकीच्या गोंधळाचा. यूजीन टालमॅज जिंकले आणि शपथ घ्यायच्या आधीच वारले. मग त्यांचा मुलगा हर्मन याला विधिमंडळानं गादीवर बसवलं, कारण ऐन वेळी टेलफेअर काउंटीतून त्याच्या नावाची जादा मतं निघाली. 'अटलांटा जर्नल'च्या बातमीदारानं त्या याद्या तपासल्या. माणसं चक्क नावांच्या आद्याक्षरांच्या क्रमानं मतदानाला आलेली, आणि त्यातली काही आधीच मेलेली. बातमीदाराला पुलित्झर मिळालं. कोर्टानं हर्मनला खाली उतरवलं. १९४८ ची ती प्राथमिक फेरी याच भांडणाचा निकाल लावायला होती, आणि ती हर्मननंच जिंकली. टेलफेअर ऑल्स्टनपासून फार लांब नाही. तिथे मेलेल्यांची मतं मोजली गेली, आणि इथे जिवंत माणसानं मत दिलं म्हणून त्याला मारलं.

कुणी ऐकलाय का? अजून असं काही असेल तर सुचवा.

---

शेवंता

रातराणीताई, 'पड, आयझाया, पड' वाचून पुढचं वाचवेना. मी पुन्हा वर जाऊन ते वाक्य वाचलं.

एक शंका. माँटगोमेरी काउंटीत कृष्णवर्णीय लोकही राहत होते ना? मग ज्यूरीत एकही कसा नाही? कायद्यानं बंदी होती का?

---

वकीलकाका

शेवंता, कायद्यानं बंदी नव्हती. १८८० सालीच सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं होतं की वर्णावरून ज्यूरीतून वगळता येणार नाही. पण कागदावरचा कायदा आणि कोर्टाच्या आवारातली रीत यांत फार अंतर असतं.

जॉर्जियातलंच उदाहरण देतो. १९५३ चा एव्हरी खटला. अटलांटा ज्या फुल्टन काउंटीत आहे तिथे ज्यूरीसाठी नावं चिठ्ठ्या टाकून काढत. गोऱ्यांची नावं पांढऱ्या चिठ्ठीवर आणि कृष्णवर्णीयांची पिवळ्या. पेटीत हात घालणारे न्यायाधीश म्हणाले, आम्ही भेदभाव केला नाही. साठ जणांच्या यादीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. हे राजधानीच्या शहरात, १९५३ मध्ये. १९४८ साली खेड्यातल्या काउंटीत काय असेल याचा अंदाज करा.

दुसरा मुद्दा आपल्या वाचकांसाठी महत्त्वाचा. भारतात कनिष्ठ कोर्टानं आरोपी सोडला तर सरकार वरच्या कोर्टात अपील करू शकतं. अमेरिकेत ज्यूरी 'निर्दोष' म्हणाली की तिथेच पडदा पडतो. आपल्याकडे नानावटी खटला सगळ्यांना आठवतो. मुंबईच्या ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं नानावटींना निर्दोष ठरवलं, पण न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. जॉर्जियातल्या न्यायाधीशाला हा मार्ग नव्हताच. मिसिसिपीत मारल्या गेलेल्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या खटल्यातही हेच झालं. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये ज्यूरीनं तासाभरात दोघांना सोडलं, आणि चार महिन्यांनी त्या दोघांनी पैसे घेऊन 'लुक' मासिकाला सांगितलं की होय, आम्हीच मारलं. कायदा त्यांच्या केसालाही धक्का लावू शकला नाही.

---

सह्याद्रीपुत्र

माहिती चांगली आहे, पण मला हा प्रकारच खटकतो. कुणाच्या तरी घरातला खून घ्यायचा, मागे सारंगी-चेलो वाजवायचा, भागाच्या शेवटी उत्सुकता ताणायची आणि मध्ये गादीची जाहिरात. लोक जिममध्ये पळता पळता ऐकतात. मारणारे मेले, बघणारे बहुतेक मेले. आता कुणाला काय मिळणार? मी मुंबईत रोज लोकलमध्ये बघतो, सगळ्यांच्या कानात कुणाचा तरी खून चाललेला असतो.

---

टपालपेटी

सह्याद्रीपुत्र, तुमचा राग समजतो. बहुतेक गुन्हेगारी पॉडकास्टना तो लागूही पडतो. पण 'कुणाला काय मिळणार' याला एक ठोस उत्तर आहे, ते सांगतो. मी कॅनडात असतो, इथला सार्वजनिक रेडिओ सीबीसी ऐकतो. त्यांच्या 'समवन नोज समथिंग'चा तिसरा सीझन चार्ल्स मूर आणि हेन्री डी यांच्यावर आहे.

२ मे १९६४. मिसिसिपीतलं मीडव्हिल. दोघेही १९ वर्षांचे. रस्त्याकडेला लिफ्ट मागत उभे होते. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या हिंसक संघटनेच्या लोकांनी त्यांना गाडीत घेतलं, जंगलात नेऊन झाडाला बांधून मारलं, मग इंजिनाचा सांगाडा आणि रुळांचे तुकडे बांधून नदीत टाकलं. जिवंत. जुलैत प्रेतं सापडली तीसुद्धा दुसऱ्याच कुणाला शोधताना. त्या उन्हाळ्यात तीन नागरी हक्क कार्यकर्ते बेपत्ता होते, त्यातले दोन गोरे होते आणि अख्ख्या देशाचं लक्ष तिकडे होतं. पाण्यात मिळालेली प्रेतं त्या तिघांची नाहीत म्हटल्यावर पत्रकार आल्या पावली परत गेले. नोव्हेंबरमध्ये दोघा संशयितांना अटक झाली, दोन-तीन महिन्यांत आरोप मागे.

४० वर्षं गेली. चार्ल्सचा थोरला भाऊ सैन्यातून निवृत्त झालेला. सीबीसीचे डेव्हिड रिजन त्याला घेऊन २००५ मध्ये मिसिसिपीत गेले. मुख्य संशयित जेम्स फोर्ड सील मेला असं वर्तमानपत्रांत छापून आलेलं होतं. गावात गेल्यावर एकानं सहज सांगितलं, मेला कुठे, इथेच तर राहतो. इतकी वर्षं तो तिथेच होता! भावानं कागद गोळा केले, सरकारी वकिलाच्या दारात जाऊन बसला. २००७ मध्ये सीलवर अपहरणाचा खटला चालला, साथीदारानं माफीच्या बदल्यात साक्ष दिली आणि कोर्टात उभं राहून दोन्ही घरांची क्षमा मागितली. सीलला तीन जन्मठेपा झाल्या. २०११ मध्ये तो तुरुंगात मेला.

पॉडकास्ट हे सगळं झाल्यावर, २०१७ मध्ये आला. पण त्यात प्रवासात केलेलं ध्वनिमुद्रण आहे. भाऊ गाडीत शेजारी बसून बोलतोय, मधेच गप्प होतोय. तो गप्प होतो तेव्हा मागे काही वाजत नाही, फक्त गाडीचा आवाज.

---

वकीलकाका

टपालपेटी, भर घालतो. खुनाचा खटला केंद्र सरकारला चालवता येत नव्हता, तो राज्याचा विषय. पण दोघांना राज्याची हद्द ओलांडून लुइझियानाच्या बाजूला नेलं होतं, म्हणून अपहरणाचा केंद्रीय गुन्हा लागू झाला. अपिलात मुदतीच्या मुद्द्यावर शिक्षा रद्द झाली होती, नंतर ती पुन्हा कायम झाली. दोन-तीन वर्षं केस अशी टांगणीला होती. म्हातारे आरोपी असताना वकिलांना हाच घोर असतो, कोर्ट आधी निकाल देतं की यम.

---

निखिल_डॅलस

एनपीआर या अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओचा 'व्हाइट लाइज' (२०१९) नक्की ऐका. जेम्स रीब, बॉस्टनचे गोरे पाद्री, अलाबामातल्या सेल्मात मतदान हक्काच्या मोर्चासाठी आलेले. ९ मार्च १९६५ ला सेल्मात हॉटेलातून जेवून बाहेर पडताना त्यांच्या डोक्यात दांडका घातला गेला. दोन दिवसांनी बर्मिंगहॅमला वारले. तिघांवर खटला झाला, डिसेंबरमध्ये तिघेही सुटले.

पॉडकास्ट करणारे दोघेही अलाबामाचेच, गोरे. त्यामुळे सेल्मातली म्हातारी गोरी माणसं त्यांना घरात बसवून बोलतात, आणि बोलता बोलता जे बाहेर पडतं ते ऐकून सुन्न व्हायला होतं. सेल्मात गोऱ्यांमध्ये एक गोष्ट पसरवलेली होती की रीब मारानं मेलेच नाहीत, चळवळीला हुतात्मा हवा होता म्हणून त्यांच्याच माणसांनी वाटेत मारलं. ५० वर्षांनंतरही लोक ती खरी मानून सांगतात. आरोपींच्या वकिलानं तेव्हा हीच शंका ज्यूरीच्या मनात पेरली होती. शेवटी हे दोघे हल्ल्यातल्या चौथ्या माणसापर्यंत पोचतात. त्याच्यावर कधी आरोपच झाला नव्हता. तो म्हातारा होऊन सेल्मातच राहत होता, आणि यांच्या भेटीनंतर थोड्याच दिवसांत वारला.

तीन आठवडे आधी शेजारच्या मेरियन गावात जिमी ली जॅक्सन या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसानं गोळी घातली होती. सेल्माचा मोर्चा खरं तर त्याच्या मरणातून निघाला. पण राष्ट्राध्यक्षांचा फोन गेला तो रीब यांच्या पत्नीला. हे पॉडकास्टमध्ये सांगितलंय, टाळलेलं नाही. जॅक्सनला मारणाऱ्या पोलिसानं २०१० मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली सहा महिन्यांची.

---

मास्तर

मी निवृत्त शिक्षक, साताऱ्याचा. मुलाकडे न्यू जर्सीला येऊन-जाऊन असतो. इथलीच एक गोष्ट सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटतो, जणू माझेच विद्यार्थी.

या जुन्या प्रकरणांची एफबीआयची कागदपत्रं मागितली तर वर्षानुवर्षं येत नाहीत, आणि आली तरी पानंच्या पानं काळ्या पट्ट्यांनी झाकलेली. आपल्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. हाइट्सटाउनच्या शाळेतली मुलं वर्गात हीच प्रकरणं अभ्यासत होती आणि त्यांना असे कागद आले. त्यांनी सरांच्या मदतीनं कायद्याचा मसुदा केला, वॉशिंग्टनला जाऊन खासदारांच्या कार्यालयांची दारं ठोठावली. एका तुकडीची मुलं पास होऊन गेली की पुढच्या तुकडीनं काम हातात घ्यायचं. तेव्हाचे सिनेटर डग जोन्स यांनी तो मसुदा उचलला. हे तेच जोन्स, ज्यांनी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये १९६३ साली बॉम्ब ठेवून चार मुलींना मारणाऱ्यांपैकी दोघांना २००१ आणि २००२ मध्ये शिक्षा मिळवून दिली. २०१८ च्या शेवटी विधेयक मंजूर झालं, जानेवारी २०१९ मध्ये सही झाली. कोणते कागद खुले करायचे हे ठरवायला स्वतंत्र मंडळ नेमलं गेलं आणि त्यावर रातराणीताईंचे क्लिबानॉफही नेमले गेले.

आणखी एक. निक्सन मारला गेला त्याच्या दोनच वर्षं आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केलाय असं वाचलं, त्याची प्रत मिळेल का, असं विचारणारं. ड्यू बॉइस यांचं उत्तरही उपलब्ध आहे. साहेबांना हा अर्ज का हवा होता हे ऑल्स्टनची हकिगत वाचली की वेगळं सांगावं लागत नाही.

---

रातराणी

मास्तर, पत्राबद्दल वाचलं होतं, पण दोन्ही सालं शेजारी ठेवून बघितली नव्हती. धन्यवाद.

निखिल, 'व्हाइट लाइज' सुरू केलाय. सेल्मातल्या बायका ज्या मऊ, अदबशीर आवाजात बोलतात तो आवाज मी इथे रोज ऐकते. दुकानात, शाळेच्या मीटिंगला. म्हणून जास्त जड जातं.

शेवंतानं व्यक्तिगत निरोपात विचारलं की तुला एवढं का लागलं. इथेच सांगते. नागरिकत्व मिळाल्यावर मी पहिल्यांदा मत दिलं तेव्हा बाहेर पडताना पीचचं चित्र असलेलं स्टिकर मिळालं. ते कुर्त्यावर लावून फोटो काढला आणि आईला पुण्याला पाठवला. रांगेत वीस मिनिटं लागली म्हणून कुरकुरलेही. माझ्यासारखीला इथे येता आलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे. त्याआधी भारतातून वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता. मतदान हक्काचा कायदा आणि हा कायदा एकाच वर्षातले, ऑगस्ट आणि ऑक्टोबरचे, एकाच चळवळीच्या रेट्यातून आलेले. मी वीस वर्षं या राज्यात राहते आणि निक्सनचं नाव मला माहीत नव्हतं. ते स्टिकर अजून फ्रिजवर आहे.

---

सह्याद्रीपुत्र

रातराणीताई, तुमच्या आणि टपालपेटींच्या सांगण्यावरून पहिल्या सीझनचे तीन भाग ऐकले. काल कर्जत लोकलमध्ये. जाहिरातींबद्दलचं माझं मत तेच आहे. पण मुलगी स्वतः बोलते ते ऐकलं. एवढ्या वर्षांनी म्हातारी बाई आपल्या वडिलांना 'डॅडी' म्हणते. बदलापूर गेलं तरी माझं लक्ष नव्हतं.

'कुणाला काय मिळणार' हे मी लिहिलं होतं ते मागे घेतो. त्यांच्या थडग्याचं पुढे काही सांगितलंय का? मी अजून तिथवर पोचलो नाही, पण सांगितलंत तरी चालेल.

---

रातराणी

सांगते.

घरच्यांना गाव सोडावं लागलं तेव्हा थडगं मागेच राहिलं. पुढे कुणाला ते सापडेना, मुलीलाही नाही. २०१५ मध्ये एमरीच्या विद्यार्थ्यांना घेऊन क्लिबानॉफ तिकडे गेले. यूव्हाल्डा गावाजवळच्या दफनभूमीत सगळे शोधत होते. एका विद्यार्थिनीला मातीत काहीतरी दिसलं. माती बाजूला सारली तर खाली सिमेंटची लादी, तिच्यावर आयझाया निक्सनचं नाव. ६७ वर्षं ते तिथेच होतं, वर फक्त मातीचा थर चढला होता.

मागच्या महिन्यात सव्हानाला जाताना आम्ही मुद्दाम १६ नंबरचा हायवे सोडून खालच्या रस्त्यानं गेलो. तो सगळा व्हिडेलियाच्या गोड कांद्याचा भाग. दोन्हीकडे शेतं, मग मैलोन्‌मैल पाइन. माती वाळूसारखी, पांढरट, पायाला चिकटत नाही. थोडा वारा सुटला तरी उडून गाडीच्या काचेवर येते. मुलानं विचारलं, इथे काय बघायला आलो, तर नवऱ्यानं गाडी कडेला घेतली आणि मी त्याला सगळं सांगितलं. तो बारा वर्षांचा आहे.

थडगं सापडल्यावर मुलगी फ्लोरिडाहून आली. वडिलांना गोळ्या लागल्या तेव्हा सहा वर्षांची होती, आली तेव्हा सत्तरी ओलांडलेली. ती तिथे उभी राहते तो भाग ऐकताना इअरफोन काढू नका आणि गर्दीत ऐकू नका. घरी गेल्यावर ऐका.